वावर नाही, डबा तर आहे!

‘भाजी लावायची हौस आहे, पण वावर कुठं आहे?’ वरोऱ्यातल्या नोकरदार घरांतून हे वाक्य मी हमखास ऐकतो. तेव्हा मला गावाशेजारचे आनंदवन आठवते. बाबा आमटे यांना तिथे मिळाली ती दगडगोट्यांची, झुडपी रानाची ५० एकर जमीन. १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. आरंभीचे भांडवल म्हणजे ६ कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये! विहीर खणण्यापासून सुरुवात करून या मंडळींनी भाजी पिकवली. पण रोगाच्या धास्तीने ती कोणी विकत घेईना. पुढे परदेशी स्वयंसेवक तिथे राहिले, जेवले, तेव्हा कुठे ती भीती ओसरू लागली.

चांगली जमीन मिळत नसते, ती करावी लागते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनीही ‘प्रयोग परिवारा’तून हेच शिकवले, की पालापाचोळा कुजवला तर माती घरीच तयार होते. मग ती वावरात असो वा डब्यात.

तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्या. बुडाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडून त्यांवर खापऱ्या ठेवा. धुतलेली खताची गोणीही चालेल; मात्र कपाशीवरच्या फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी भाजीसाठी वापरू नका. आपली काळी माती नुसतीच भरली तर घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते. म्हणून एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग कुजलेला पाला किंवा सोयाबीनचे कुटार असे मिसळा.

बियाण्याला दुकान कशाला? स्वयंपाकघरातले धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा, सांबार उगवतो. डब्यातली मेथी पेरा, महिन्याभरात जुडी निघते. पालेभाजीला वीतभर माती पुरते. वांगी, टमाटर, मिरचीला फूटभर हवी आणि पाच-सहा तास ऊन हवे. नवख्याने दसरा-दिवाळीच्या सुमारास पालेभाजीनेच सुरुवात करावी.

खरी परीक्षा मे महिन्यातली. पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याचा डबा मुळे भाजून काढतो. बाहेरून चुना फासा, खाली दोन विटा द्या, मातीवर पाल्याचा थर पसरा आणि दुपारी जुन्या लुगड्याची सावली करा. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वाया घालवू नका.

चार डब्यांत घरची सगळी भाजी होणार नाही, हे उघड आहे. पण वरणावर टाकायचा सांबार आणि ठेच्याची मिरची विकत आणावी लागणार नाही. शिवाय जे मूल महिनाभर मेथीला पाणी घालते, ते ताटातली मेथी सहसा टाकत नाही. या रविवारी पहिला डबा त्याच्याच हातून भरून घ्या.