बाळ दोन महिने आधी जन्मलं, तर मान कधी धरणार?

बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. समजा, त्यातल्या एका घरात ३२व्या आठवड्यात बाळ जन्मलं. आज ते ५ महिन्यांचं आहे. शेजारच्या कोपीतलं याच वयाचं, पण पूर्ण दिवसांचं बाळ पालथं पडतं. याची मान अजून डळमळते. घाबरायचं का?

आधी वय नीट मोजा
पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ३७च्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. हे बाळ ८ आठवडे आधी आलं, म्हणून वाढीच्या हिशेबात ते ३ महिन्यांचंच. डॉक्टर हे ‘दुरुस्त वय’ साधारण २ वर्षांपर्यंत धरतात. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या.

मेंदूत काय घडतं?
३४व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या तुलनेत सुमारे ६५ टक्केच असतं. ईईजीमध्ये विद्युत लहरी येतात, मध्येच थांबतात. दिवस भरत येतात तशा त्या सलग होतात. हालचालींचे संदेश नेणारे तंतूही तेव्हा नाजूक असतात. त्यांना इजा झाली, तर पुढे पाय ताठर होऊ शकतात.

कधी दाखवायचं?
दुरुस्त वय ४ महिने होऊनही मान धरत नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील किंवा एकच बाजू हलत असेल, तर हंगाम संपायची वाट पाहू नका. जिथे असाल तिथल्या सरकारी रुग्णालयात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून मुलांची तपासणी मोफत होते. डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.