वेळ थोडा, घर नेटके

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मालवण, देवबाग, आचरा अशी गावे वसलेली आहेत. माडांच्या सावलीत जांभ्या दगडाची, कौलारू छपरांची घरे येथे दिसतात. पुढे अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, मग पडवी आणि आत माजघर व स्वयंपाकघर, अशी जुन्या घरांची रचना असते. या घरांना स्वच्छ ठेवणे मात्र सोपे नाही. किनाऱ्यावरची वाळू, पायांबरोबर येणारी लाल माती, माडांची गळणारी पाने आणि वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर कोसळणारा पाऊस यांच्याशी घरातील माणसांना नित्य झुंजावे लागते.

त्यातच सवड थोडी. मासळी विकणारी स्त्री सकाळीच बाजाराची वाट धरते. भाताची लावणी सुरू झाली, की शेतकऱ्याच्या घरातील सारी मंडळी दिवसभर चिखलात उभी असतात. सायंकाळी थकूनभागून आलेल्या माणसांनी घर झाडावे केव्हा आणि पुसावे केव्हा? या प्रश्नाचे उत्तर एका साध्या विचारात आहे. घरातील सर्व कामे रोज करावी लागत नाहीत. कोणते काम राहिले असता किती दिवसांत अपाय होतो, हे ज्याला कळले, त्याला थोडा वेळही पुरतो.

काही कामे मात्र त्याच दिवशी व्हावयास हवीत. मासळीचे खवले, कल्ले व आतडी, उष्टे अन्न आणि खरकटी भांडी ही त्यांतली मुख्य होत. उष्ण व दमट हवेत अन्न काही तासांतच नासू लागते. त्यावर दिवसा माश्या घोंगावतात आणि रात्री उंदीर येतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून वा चिखलातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू जखमेवाटे माणसाच्या शरीरात शिरतात. पावसाळ्यात या जिल्ह्यात या रोगाचे रुग्ण आढळतात. म्हणून माशांची घाण उघड्यावर न टाकता माडाच्या आळ्यात खोल पुरावी. त्यामुळे घाण नाहीशी होते आणि माडाला खतही मिळते. रात्री भांडी घासून, उरलेले अन्न झाकून, चूल व ओटा पुसून ठेवला, म्हणजे त्या दिवसाचे मोठे काम झाले. पायरीपाशी पाय धुऊन घरात येण्याची जुनी रीतही फार उपयोगी आहे. जी माती घरात आलीच नाही, ती झाडावी लागत नाही.

काही कामे आठवड्यातून एकदा केली तरी चालतात. पण तो आठवडा चुकता कामा नये. डेंग्यूचा प्रसार करणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणपणे आठ ते दहा दिवस लागतात. त्याआधीच पाणी ओतून दिले, तर डास जन्मालाच येत नाही. ही अंडी भांड्याच्या कडांना चिकटून राहतात व कोरड्या भांड्यातही पुष्कळ दिवस टिकतात. यासाठी पिंप व हंडे नुसते रिकामे करून भागत नाही. ते आतून घासावे लागतात. अंगणात पडलेल्या नारळाच्या करवंट्यांतही पावसाचे पाणी साचते. त्या उचलून पालथ्या घालण्यास कितीसा वेळ लागणार?

उरलेली कामे ऋतूप्रमाणे करता येतात. पावसापूर्वी कौले परतावी व सरपण कोरड्या जागी रचावे. चतुर्थीला गणपती घरी यावयाचा असतो. त्याआधी जळमटे काढून भिंती रंगवाव्या आणि तांब्यापितळेची भांडी लखलखीत करावी. पावसानंतर अंगण चोपून सारखे करावे. लावणीच्या दिवसांत कोनाड्यात थोडी धूळ राहिली, तर तिने कोणी आजारी पडत नाही.

कामाची वाटणी झाली, तर वेळ आणखी वाचतो. चौघांनी पंधरा पंधरा मिनिटे दिली, की एक तासाचे काम होते. माडाच्या हिरांची केरसुणी मुलीच्या हाती जशी शोभते, तशीच ती मुलाच्या हातीही शोभते. घर सर्वांचे असते. मग त्याची स्वच्छता एकट्या आईकडे का असावी? स्वतःचे ताट घासणे, अंथरूण घडी करून ठेवणे व वस्तू जागच्या जागी ठेवणे, एवढे तर लहान मुलालाही जमते.

संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावोगाव हाच धडा दिला. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २०००-०१ या वर्षी ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पुढे २०१६ साली केंद्र शासनाने देशातील ७५ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांतील स्वच्छतेची पाहणी जाहीर केली. तीत मैदानी प्रदेशातील जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्गाला पहिला क्रमांक मिळाला. हा मान काही एका दिवसाच्या झाडलोटीने मिळत नाही. घरोघरी रोज थोडे थोडे काम होते, तेव्हाच गाव स्वच्छ दिसते. ‘हात फिरे तेथे लक्ष्मी वसे’ असे आपल्याकडे म्हणतात. तो हात घटकाभरच फिरला तरी चालेल. परंतु तो योग्य जागी, योग्य वेळी आणि सर्वांचा फिरला पाहिजे.