पऱ्हाटीपासून सूक्ष्म तंतु

शेवटची वेचणी संपली म्हणजे कपाशीच्या शेतांत पऱ्हाटी तेवढी उभी राहते. गांवनमुना बारांत कपाशीखालील क्षेत्रास रकाना आहे, पऱ्हाटीस नाहीं. हे नमुने आमच्या हातांखालून पुष्कळ वर्षें गेलेले असल्यामुळें हें खात्रीनें सांगतों. वस्तुतः हेक्टरीं दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. थोडी चुलीस लागते. उरलेली बहुधा धुऱ्यावर जळते. या पऱ्हाटींतून कागदास व प्लॅस्टिकास बळकटी देणारे अतिसूक्ष्म तंतु काढतां येतात, त्याची रीत येथें सांगतों.

वनस्पतींच्या पेशींच्या भिंती मुख्यत्वें ज्या द्रव्याच्या असतात त्यास सेल्युलोज म्हणतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पायेन यांनीं तें १८३८ सालीं ओळखिलें. रुईंत तें शेंकडा ९० हून अधिक असतें, पऱ्हाटींत सुमारें ४०. आपला कुडाचा आडोसा डोळ्यांपुढें आणावा. आंतील काड्या म्हणजे सेल्युलोज, आणि वरचें लिंपण म्हणजे लिग्निन व तत्सम द्रव्यें. प्रथम पऱ्हाटीचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत शिजवून हें लिंपण काढतात व लगद्याचा रंग उडवितात. येथवरचें काम कागदाच्या गिरणींतलेंच आहे.

पुढचें काम निराळें. दोरखंड उलगडावा, पेड सुटावे, पेडांतून सूत निघावें, तसा प्रत्येक तंतु उकलावयाचा असतो. एक तर लगदा प्रचंड दाबानें अरुंद फटींतून वारंवार दवडतात. नाहीं तर तीव्र गंधकाम्लानें तंतूंतील सैल भाग विरघळवून घट्ट स्फटिकमय कांड्या तेवढ्या ठेवितात. यांची जाडी नॅनोमीटरांत मोजतात, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लक्षावा भाग. मुंबईस माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेंत (स्थापना १९२४) असा प्रायोगिक कारखाना २०१५ सालीं सुरू झाला. त्याची शक्ति दिवसास १० किलोंची.

दहा किलो! यावरून या धंद्याची अवस्था ओळखावी. यास वीज व पाणी फार लागतें. तयार माल लुकणासारखा असून त्यांत बहुतेक पाणीच असतें. वाळविल्यास तंतु एकमेकांस असे चिकटतात कीं पुन्हां नीट सुटत नाहींत. म्हणून हा घरगुती उद्योग नव्हे. ‘नॅनो’ हा शब्द ऐकवून कोणी यंत्र विकूं लागल्यास आम्ही तर त्यास दारांतूनच परत पाठवूं. शेतकऱ्यास मिळेल तें कच्च्या मालाचें मोल, आणि तसे गिऱ्हाईक आजहि आहेत: भुशाच्या फळ्या करणारे व जळाऊ कांड्या पाडणारे.

मात्र गिऱ्हाइकाची वाट पाहत पऱ्हाटीचा ढीग बांधावर पडूं देऊं नये. न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढल्या पिकावर येते. वेचणी संपतांच पऱ्हाटी उपटावी. विक्री ठरली नसेल तर यंत्रानें बारीक तुकडे करून जमिनींत मिसळावी. जाळण्यापेक्षां तें केव्हांहि बरें. विक्री ठरली तर माती झाडून, वाळवून द्यावी, आणि वजन ओल्याचें कीं वाळलेल्याचें, तसेंच गाडीभाडें कोणाचें, हें आधींच लिहून घ्यावें.