वादळानंतरचे ८४ दिवस

अटलांटिक महासागरातील तीव्र चक्रीवादळांना हरिकेन म्हणतात आणि त्यांची एक ते पाच अशी श्रेणी केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते. परंतु एखादे वादळ किती माणसांचा जीव घेईल हे या श्रेणीवरून कळत नाही, कारण मृत्यूंचा फार मोठा वाटा वारा शांत झाल्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत पडू शकतो. ही बाब सर्वाधिक स्पष्टपणे पुढे आली ती पोर्तो रिको या अमेरिकेच्या अधिपत्याखालील कॅरिबियन बेटावर. सुमारे ३३ लाख वस्तीच्या या बेटावर २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ हे चौथ्या श्रेणीचे हरिकेन ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह आग्नेयेकडील याबुकोआजवळ धडकले आणि त्याच दिवशी बेट तिरपे ओलांडून समुद्रात निघून गेले.

त्यानंतर जे घडले त्याचे मूळ वीजव्यवस्थेच्या रचनेत होते. बेटावरील मोठी वीजनिर्मिती केंद्रे दक्षिण किनाऱ्यावर आहेत, सर्वाधिक मागणी मात्र उत्तरेकडील राजधानी सान हुआनच्या परिसरात आहे, आणि या दोहोंना जोडणाऱ्या उच्चदाब वाहिन्या मधल्या डोंगररांगेतून, दाट जंगलातून आणि दरडी कोसळणाऱ्या उतारांवरून जातात. दोन आठवडे आधी जवळून गेलेल्या ‘इर्मा’ या हरिकेनने खिळखिळ्या केलेल्या या वाहिन्यांचे मनोरे मारियाने पाडले आणि सुमारे १५ लाख वीजग्राहक एकाच वेळी अंधारात गेले. शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचण्यास जवळजवळ ११ महिने लागले. वीज गेली तसे पाणीही गेले, कारण नळाचे पाणी टाकीत चढवणारे पंप विजेवरच चालतात. वाहिन्या तुटल्यामुळे आणि बॅटऱ्या व इंधन संपल्यामुळे मोबाइलचे ९० टक्क्यांहून अधिक मनोरे बंद पडले, आणि रुग्णवाहिका बोलावण्याचे साधनही उरले नाही.

हार्वर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने पुढील वर्षाच्या आरंभी ३,२९९ घरांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा वादळापासून डिसेंबरअखेरपर्यंत एका घराला सरासरी ८४ दिवस विजेविना, ६८ दिवस पाण्याविना आणि ४१ दिवस मोबाइल सेवेविना काढावे लागल्याचे दिसून आले. पाहणीचा कालखंड जेमतेम १०० दिवसांचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या सरासरीचे गांभीर्य कळते. डोंगराळ भागातील लोक झऱ्यांवरून आणि ओढ्यांवरून पाणी आणत, आणि त्या पाण्यातून व साचलेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसची लागण वाढली. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून बाहेर पडणारे या रोगाचे सर्पिलाकार जिवाणू ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात आणि पायावरच्या साध्या खरचटण्यातूनही शरीरात शिरतात. २००५च्या महापुरानंतर मुंबईने याच रोगाची साथ अनुभवली आहे.

घरातले शीतकपाट बंद पडणे ही गैरसोय वाटते, पण मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या या बेटावर तो जगण्यामरण्याचा प्रश्न ठरला. इन्सुलिन हे प्रथिन असून त्याचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो. उघडलेली कुपी खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते, परंतु उष्णकटिबंधातील बंद घराची उष्णता त्याहून अधिक असते, आणि उष्णतेने प्रथिनाची घडण मोडली की औषध निष्प्रभ होत जाते. डायलिसिसची, म्हणजे निकामी मूत्रपिंडाऐवजी यंत्राने रक्त शुद्ध करण्याची, अडचण याहूनही बिकट होती, कारण त्या उपचाराच्या एका बैठकीला विजेबरोबरच १०० लिटरहून अधिक शुद्ध केलेले पाणी लागते आणि बहुतेक रुग्णांना आठवड्यातून तीनदा उपचार घ्यावे लागतात. व्हिएकेस या लहान बेटावरील रुग्णालय निकामी झाल्यामुळे तेथील रुग्णांना दर खेपेला विमानाने मुख्य बेटावर न्यावे लागत असे. आधीच थकलेल्या शरीरांना ही ये-जा किती जड गेली असेल, हे सांगण्यास वैद्यकाची गरज नाही.

विजेला पर्याय म्हणून आलेला जनरेटरही निर्धोक नसतो. इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे पडवीत किंवा खिडकीखाली लावलेला जनरेटर झोपलेल्या कुटुंबाचा जीव कोणालाही चाहूल न लागता घेऊ शकतो.

अशा मृत्यूंची नोंद वादळाच्या नावावर होत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर हृदयविकार, जंतुसंसर्ग किंवा मधुमेह लिहितात आणि पडलेल्या मनोऱ्याचा उल्लेख त्यात येत नाही, म्हणून पोर्तो रिकोचा अधिकृत मृत्यूंचा आकडा कित्येक महिने ६४ वरच थांबलेला होता. संशोधकांनी ‘अतिरिक्त मृत्यू’ मोजण्याची पद्धत वापरली. तिच्यात नेहमीच्या वर्षी त्या काळात किती मृत्यू झाले असते याचा अंदाज बांधून तो प्रत्यक्ष मृत्यूंमधून वजा केला जातो. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने, बेट सोडून गेलेल्यांचा हिशेब धरून, सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात २,९७५ अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील सरकारने तो स्वीकारला. मृत्यूचा धोका गरीब नगरपालिकांत आणि वृद्ध पुरुषांत अधिक काळ टिकला. ६४ आणि २,९७५ यांमधील अंतर हे केवळ सांख्यिकीचे नाही. जे मोजले गेले नाहीत त्यांच्यासाठी मदतीचे नियोजनही झाले नाही, हा त्याचा खरा अर्थ आहे.

आदखुंतास या डोंगरी गावातील ‘कासा पुएब्लो’ या लोकसंस्थेच्या इमारतीत मात्र वादळानंतरही वीज होती, कारण १९९९ पासून ती सौरऊर्जेवर चालत होती. गावकरी तेथे फोन आणि श्वसनोपचाराची यंत्रे घेऊन येत, आणि संस्थेने पुढे हजारो सौर दिवे वाटले. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या, अवघ्या पहिल्या श्रेणीच्या ‘फिओना’ने सारे बेट पुन्हा अंधारात टाकले, तेव्हा छपरावर सौरपटले व बॅटऱ्या असलेल्या घरांत दिवे चालू राहिले.

संकटानंतर एकमेकांच्या सोबतीने तग धरता येतो, याचा एक वेगळाच पुरावा पोर्तो रिकोजवळील कायो सांतियागो या चिमुकल्या बेटावरून मिळाला. येथील लाल तोंडाची माकडे १९३८ मध्ये भारतातून नेलेल्या माकडांची वंशज असून त्यांच्या वर्तनाच्या नोंदी अनेक दशके ठेवल्या जात आहेत. मारियाने बेटावरील बहुतांश झाडोरा नष्ट केला आणि दुपारची सावली दुर्मीळ झाली. सावलीसाठी भांडणे वाढतील अशी अपेक्षा असताना माकडे एकमेकांच्या जवळ बसू लागली, पूर्वी एकलकोंडी असलेली नवे सोबती जोडू लागली, आणि ही सहनशीलता वाढवलेल्या माकडांचे जगण्याचे प्रमाणही अधिक राहिले. माणसांविषयी यावरून थेट निष्कर्ष काढणे घाईचे होईल, तरी उष्णतेपासूनचा बचाव आणि शेजार यांचा संबंध येथे मोजून दाखवला गेला, हे महत्त्वाचे आहे.

कोकणाला हे सारे परके नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे, करोनाची साथ ऐन भरात असताना, आठवडेच्या आठवडे विजेविना राहिली. पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ किनाऱ्यालगतून गेले. नुकसानीचे पंचनामे घरांचे आणि झाडांचे होतात, ते व्हायलाच हवेत. परंतु किनारी तालुक्यांतील इन्सुलिनवर, डायलिसिसवर आणि प्राणवायूच्या यंत्रावर अवलंबून असणाऱ्या रुग्णांची यादी पावसाळ्यापूर्वी तयार असावी, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांच्या शीतकपाटापुरते तरी सौरपटल व बॅटरी असावी, आणि वादळानंतरच्या सहा महिन्यांतील मृत्यूंची तुलना मागील वर्षांशी करून ती जाहीर केली जावी.