अंतराचा हिशेब

पूर्वी कोणी अमेरिकेला गेले की ‘सातासमुद्रापार गेला’ असे म्हणत. आता ‘सोळा तासांवर तर आहे’ असे म्हणतात. मुलगा न्यू जर्सीत आणि आईवडील पुण्यात, अशी घरे आज गल्लोगल्ली आहेत. त्या घरांना या तासांचा मोठा आधार वाटतो. म्हणूनच हे तास येतात कुठून, ते एकदा पाहायला हवे.

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ मोजले तर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटते, विमान अरबस्तानावरून थेट पश्चिमेला जात असेल. पण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान ओलांडून मॉस्कोजवळून वर चढतो आणि नॉर्वे, आइसलंडवरून पलीकडे उतरतो. सर्वांत जवळची वाट हीच.

मात्र हा दोरा आकाशात हवा तसा ताणता येत नाही, कारण आकाशालाही सरहद्दी आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियाचे आकाश अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली. वळसा वाढला, इंधन जास्त लागू लागले. उत्तर अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी थांबावे लागले. शहरे जागच्या जागी राहिली, अंतर मात्र वाढले!

जाण्यायेण्याचे तासही सारखे नसतात. जायला साधारण सोळा, तर यायला चौदा. पृथ्वी फिरते म्हणून असे होते, असे पुष्कळांना वाटते. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. खरे कारण वाऱ्याचे. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. येताना ते विमानाला पाठीमागून रेटतात, जाताना समोरून अडवतात.

हे झाले विमानाचे तास. माणसाचे तास वेगळे. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. आई अत्यवस्थ झाली तेव्हा रात्री दहाला मी तिला फोन केला. तिकीट मिळून विमान सुटेपर्यंत अकरा तास गेले. विमानात चौदा, मुंबईला तपासणी आणि सामानात दोन, पुण्याच्या रस्त्यावर चार. एकतीस तासांनी, पहाटे पाचला, ती दारात उभी राहिली. आई शुद्धीवर होती. त्या दोघींना दोन दिवस मिळाले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत गेले. आज न थांबता त्याच्या पुष्कळ पलीकडे जाता येते, ही प्रगती थोडी नव्हे. पण घरच्यांनी हिशेब करावा तो दारापासून दारापर्यंतचा. ‘पोरगी उगीच घाबरेल’ म्हणून आपण फोन लांबवतो, ते तास कुठल्याच वेळापत्रकात नसतात. तिकडच्यांनीही कागदपत्रे हाताशी ठेवावीत. अमेरिकी नागरिक झालेल्याला आपल्याच घरी यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. वारा आणि सरहद्दी आपल्या हातात नाहीत. वेळेवर फोन करणे आणि वेळेवर निघणे, एवढेच आपल्या हाती आहे.