नदीचा तहनामा : डेल्फ कार्पेंटर यांची वकिली

कृष्णा पाणीतंटा लवादाचा निवाडा वाचण्याचा नाद मला लागला त्यास बराच काळ लोटला. आणि त्यातील टीएमसीच्या आकड्यांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, आपल्याकडील जलविवादांत आधारादाखल येणारे अमेरिकन खटले मला ओढून नेत राहिले. त्यांचाच माग काढीत वायोमिंग विरुद्ध कोलोरॅडो ह्या खटल्याशी पोहोचलो, तेव्हा प्रतिवादी राज्याच्या बाजूने अकरा वर्षे झगडलेल्या एका गावाकडच्या वकिलाची ओळख झाली. डेल्फ कार्पेंटर यांचा जन्म 1877 साली कोलोरॅडोतील ग्रीली येथे, पाटाच्या पाण्यावर वसलेल्या वसाहतीत, झाला. 1899 साली डेन्व्हर विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन ते परत गावीच आले आणि शेतकऱ्यांचे पाण्याचे दावे चालवू लागले.

त्या मुलखातील वहिवाट अशी की, ज्याने पहिला पाट काढला त्याचा हक्क पहिला. नदीकाठी जमीन असणे वा नसणे ह्यास तेथे महत्त्व नाही. एका राज्याच्या हद्दीत हा नियम सुरळीत चालतो. परंतु कोलोरॅडोतील शेतकऱ्यांनी बोगदा खणून लॅरमी नदीचे पाणी ग्रीलीकडील खोऱ्यात वळविण्याचे योजिले, तेव्हा खालच्या वायोमिंगने 1911 साली थेट सर्वोच्च न्यायालयात फिर्याद नेली. आमच्या डोंगरात उगम पावलेले पाणी आमच्या सार्वभौम मालकीचे, अशी कोलोरॅडोची भूमिका होती. युक्तिवाद तीनदा ऐकले गेले, आणि 5 जून 1922 रोजी निकाल झाला तो कोलोरॅडोला जड जाणारा : अग्रहक्काचा नियम सरहद्द ओलांडूनही लागू, आणि त्या योजनेस वर्षाकाठी अवघे 15,500 एकर-फूट पाणी. ह्याच निकालपत्रात न्यायमूर्ती व्हॅन डेव्हँटर यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मते निकालाहून मोठी आहे. नदीचे पाणी वाटताना भल्याबुऱ्या वर्षांची सरासरी धरून चालत नाही, भरवशाने मिळेल तेवढेच पाणी हिशेबात घ्यावे लागते. आपल्या बच्छावत लवादाने कृष्णेचे पाणी 75 टक्के विश्वासार्हतेवर 2060 टीएमसी धरले, त्यामागील विचार ह्याच जातीचा.

निकाल लागण्याच्या आधीच कार्पेंटर यांचे मत ठाम झाले होते की, राज्याराज्यांतील नद्या न्यायालयात सुटणार नाहीत. अमेरिकन राज्यघटनेत काँग्रेसच्या संमतीने राज्यांना परस्परांशी करार करू देणारे एक कलम आहे. तोवर ते मुख्यतः सीमावादांपुरते वापरले जाई. हेच कलम नद्यांना लावावे आणि धरणे उभी राहण्यापूर्वीच सर्व राज्यांनी तहनामा करून मोकळे व्हावे, अशी सूचना त्यांनी 1920 साली मांडली. तिचे सर्वांत गाजलेले फळ म्हणजे 24 नोव्हेंबर 1922 रोजी सांता फे येथे, हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखाली, सात राज्यांच्या प्रतिनिधींनी सही केलेला कोलोरॅडो नदीचा करार. त्याची कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. राज्यवार वाटणी जमेना म्हणून वरचे आणि खालचे असे दोनच भाग पाडून प्रत्येकास 75 लाख एकर-फूट देण्याची युक्ती कार्पेंटर यांची. पण हिशेब केला गेला तो अपवादात्मक ओल्या वर्षांच्या प्रवाहावर, आणि ज्या मूलनिवासी जमातींचा त्या पाण्यावर सर्वांत जुना हक्क, त्यांना त्या बैठकीत स्थान नव्हते. हा अन्याय होता. ॲरिझोनाने तर करारास मान्यता दिली ती 1944 साली.

मला मात्र त्या प्रसिद्ध करारापेक्षा 27 एप्रिल 1923 चा, नेब्रास्काशी केलेला साउथ प्लॅट नदीचा छोटा करारनामा अधिक मोलाचा वाटतो. 1 एप्रिल ते 15 ऑक्टोबर ह्या काळात सरहद्दीवरील जूल्सबर्गच्या मोजणी केंद्रावर प्रवाह 120 क्युसेकच्या खाली गेला, तर नदीच्या खालच्या टप्प्यातील, 14 जून 1897 नंतरचे हक्क असलेल्या कोलोरॅडोच्या शेतकऱ्यांनी आपले पाट बंद करावयाचे. वरच्या टप्प्यास ही अट नाही. येथे कार्पेंटर यांचा खरा वकिली कस दिसतो. डोंगरउतारापासून सुरू झालेल्या सिंचनाचे पाणी जमिनीत मुरते, पाझरते आणि महिनोन् महिने नदीला परत मिळत राहते. म्हणजे वरच्यांच्या पाटांमुळेच खालची नदी उन्हाळ्यात वाहती राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि ते केवळ वाक्पाटवावर उभे नव्हते. राल्फ पार्शल नावाच्या अभियंत्याने त्या नदीच्या खालच्या भागातील पाझराची मोजदाद करून 1922 साली ती प्रसिद्ध केली होती. आपल्या कालव्यांवर आणि जलशुद्धीकरण केंद्रांत प्रवाह मोजण्यासाठी जे अरुंद गळ्याचे पार्शल फ्लूम बसवितात, ते ह्याच गृहस्थाचे. पक्षकाराच्या जाबजबाबाइतकीच पाण्याच्या मोजमापाची कदर करणारा वकील मला तरी दुर्मीळ वाटतो.

आपल्याकडे कृष्णेचा फैसला लवादाने केला. गोदावरीचा 1980 चा निवाडा मात्र बहुतांशी राज्यांनी आपापसांत केलेल्या करारांवरच उभा आहे. 1975 च्या महाराष्ट्र-आंध्र करारात पैठणच्या खाली पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्रास 60 टीएमसीची मर्यादा घातली गेली, आणि गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचे भांडण त्याच कलमाच्या अर्थावर पेटले. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली बंधारा राहू दिला, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावेत आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडावे, अशी व्यवस्था लावली. ही तारखांची बांधणी पाहिली की जूल्सबर्गचे कलम आठवल्यावाचून राहत नाही.

कंपवाताने ग्रासलेले कार्पेंटर अखेरची कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होते. 1951 साली ते गेले. साउथ प्लॅट करारातील एक कलम त्यांच्या हयातीत निद्रिस्तच राहिले. हिवाळ्यात 500 क्युसेकपर्यंत पाणी नेण्यासाठी नेब्रास्काने कोलोरॅडोच्या भूमीत कालवा खणावा, आणि त्यासाठी तेथील जमीन संपादनही करावी, अशी मुभा त्यात आहे. दुसऱ्या राज्यास आपल्या हद्दीत जमीन घेऊ देणे ही सवलत लहान नव्हे. ती किंमत मोजून त्यांनी आपल्या वरच्या खोऱ्याची मोकळीक मिळविली होती. 2022 साली नेब्रास्काच्या विधिमंडळाने तो कालवा उभारण्याचा कायदा केला, आणि जुलै 2025 मध्ये, कोलोरॅडो 120 क्युसेकची अट पाळत नाही व कालव्यास अडथळा आणते, असा आरोप करीत नेब्रास्काने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. लॅरमीच्या वेळी नदीवर कोणाचा कोणत्या तत्त्वाने हक्क, येथपासून वाद करावा लागला होता. ह्या दाव्यात दोन्ही राज्ये 1923 चाच कागद पुढे ठेवून त्याच्या कलमांचा अर्थ सांगत आहेत.