पीकसंरक्षण बंदूक

पीकसंरक्षण बंदूक म्हणजे उभ्या पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्यास परवान्यावर मिळणारे शस्त्र होय. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यासारख्या वनालगतच्या भागांत रानडुक्कर, रोही, चितळ हे प्राणी कापूस, तूर, सोयाबीन या पिकांची नासाडी करतात.

नळीचा प्रकार

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ नुसार पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना दिला जातो. ती अपुरी असल्याची प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची अन्य बंदूक देता येते. रायफलीच्या नळीतील पीळदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत दूरवर नेमकी जाते. मात्र चुकलेली गोळी वस्तीपर्यंत पोहोचण्याचा धोकाही वाढतो.

शिकारबंदी

शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचित वन्यप्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. पिकांस घातक ठरलेल्या विशिष्ट प्राण्यांबाबत कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक अथवा प्राधिकृत अधिकारी यांचा लेखी आदेश आवश्यक असतो. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना देण्यास कलम ३४ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसहमती लागते.